गाठ दिसते, मूळ दिसतं का?

"तुमच्या रिपोर्टातलं शेवटचं वाक्य मी सगळ्यात आधी वाचतो," काका म्हणाले. "तिथे 'क्लिनिकल कोरिलेशन करावं' असं दिसलं की समजायचं, वरचं पानभर लिखाण म्हणजे 'मला माहीत नाही' हेच जरा लांबवून सांगितलंय."

काका कान-नाक-घशाचे सर्जन, सगळी प्रॅक्टिस मिरजेत. मी रेडिऑलॉजिस्ट. एका घरात असे दोन डॉक्टर असले की जेवताना कशाकशाच्या गप्पा निघतात, ते घरातल्या इतरांनाच विचारावं. या वेळी वाद होता नाकाच्या आजूबाजूच्या सायनसमधल्या साध्या गाठींचा, म्हणजे कॅन्सरच्या नसलेल्या. काकांचा सिद्धान्त असा, की गाठीला नाव द्यायचं ते पॅथॉलॉजिस्टने, तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघून. सीटी आणि एमआरआयने फार तर पत्ता सांगावा. माझं म्हणणं, काही गाठींना नाव आधी द्यावं लागतं आणि हात नंतर लावावा लागतो. काहींना तर हात लावायचाच नसतो.

"आधी एक कबूल कर," काका म्हणाले. "नाक चोंदलेल्या शंभर माणसांत गाठ एखाद्यालाच असते. बाकीच्यांना सर्दी, ॲलर्जी, पॉलिप, वाकडं हाड. आणि प्रत्येक जण येतो तो 'नाकात मांस वाढलंय' म्हणत."

"कबूल. म्हणूनच मी आधी दोन्ही बाजू शेजारी ठेवून बघते. ॲलर्जीचे पॉलिप बहुधा दोन्हीकडे असतात. मोठ्या माणसाची एकच बाजू गच्च भरलेली आणि दुसरी स्वच्छ असेल, तर मी थांबते."

"मी पण थांबतो. पण मी दात बघतो. गालातल्या सायनसचा तळ आणि वरच्या दाढांची मुळं यांच्यात कधीकधी कागदाएवढंही हाड नसतं. किडलेली दाढ आणि तिच्या वर भरलेला सायनस, असे किती तरी पेशंट 'सायनसची गाठ' म्हणून माझ्याकडे धाडले गेलेत."

दाढांच्या मुळांपर्यंत मीही खाली सरकतेच, पण हे मी बोलले नाही. पहिला मुद्दा त्यांचा, असं त्यांना वाटू द्यायला काय हरकत आहे?

"तुमच्या काळात सीटी नव्हता तेव्हा काय करायचात?"

"नाक आणि हनुवटी प्लेटला टेकवून एक्स-रे. वॉटर्स व्ह्यू. 1915 सालापासून जगभर तोच. सायनस काळा दिसला तर हवा, पांढरा दिसला तर काहीतरी आहे."

"त्या 'काहीतरी'त पू, शेंबूड, पॉलिप, बुरशी आणि गाठ सगळं एकाच पांढऱ्या रंगात यायचं."

"यायचं. म्हणून आम्ही पेशंटला हात लावायचो."

हा टोमणा मला होता. आमच्या पेशात पेशंटचा चेहरा दिसण्याआधी त्याची कवटी दिसते हे खरं आहे. पण कवटीही बरंच बोलते. सीटीत हाड इतकं बारकाईने दिसतं की गाठीने हाडाचं काय केलंय यावरून तिचा स्वभाव कळतो. सावकाश वाढणारी गाठ भिंतीला बाहेर ढकलते, भिंत पातळ होते, वाकते, पण शाबूत राहते. भराभर वाढणारी गाठ भिंत खाऊन टाकते.

"हेच," काका म्हणाले, "तुम्ही विद्यार्थ्यांना शिकवता आणि मला ते पटत नाही. ढकललं म्हणजे साधी, खाल्लं म्हणजे कॅन्सर. लिम्फोमाने हाड नुसतं वाकवलेलं मी पाहिलंय. आणि ॲलर्जीच्या बुरशीने डोळ्याशेजारची भिंत अशी नाहीशी केलेली पाहिलीय, की पेशंटचा डोळा पुढे आला होता. ना गाठ, ना कॅन्सर."

"नियम पक्का नाही, मान्य. काही सार्कोमा, वास घेणाऱ्या पेशींपासून होणारा न्यूरोब्लास्टोमा, हेही हाड ढकलतात. हाडावरून कळतो तो वाढीचा वेग. जात कळतेच असं नाही. शिवाय डोळ्याशेजारची भिंत मुळातच इतकी पातळ की जरा दाबली गेली तरी सीटीत दिसेनाशी होते, प्रत्यक्षात असली तरी. म्हणून मी तेवढ्यावर थांबत नाही. चरबी बघते."

"चरबी?"

"गालातल्या सायनसच्या मागे एक अरुंद फट आहे ना, मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या जातात ती. तिच्यात चरबी असते. ती जागच्या जागी स्वच्छ दिसली तर मला बरं वाटतं. ती पुसली गेली असेल, मज्जातंतूच्या वाटेने काही मागे सरकताना दिसत असेल, तर हाड कितीही शाबूत असो, मी 'साधी' हा शब्द लिहीत नाही."

काकांनी मान हलवली, पण सोडलं नाही. "आणि एमआरआय? त्याचं काय कौतुक?"

एमआरआयचं कौतुक एका साध्या गोष्टीसाठी आहे. सायनसच्या तोंडाशी गाठ बसली की मागे स्राव तुंबतो. सीटीत गाठ आणि तुंबलेला स्राव बऱ्याचदा एकसारखेच करडे दिसतात आणि लहानशी गाठ अख्ख्या सायनसएवढी वाटते. एमआरआयच्या ज्या चित्रांत पाणी पांढरं दिसतं, त्यांत स्राव लख्ख पांढरा येतो. गाठीत पेशींची दाटी असते, त्यामुळे ती मधल्या करड्या रंगाची. न्यूयॉर्कच्या पीटर सॉम यांनी ऐंशीच्या दशकात हा फरक मांडला आणि तेव्हापासून सर्जनला सांगता येऊ लागलं, की एवढं कापायचंय आणि एवढं नुसतं ओढून काढायचंय. कॉन्ट्रास्ट दिल्यावर फरक आणखी उघड होतो. गाठ आतपर्यंत उजळते, स्रावाची फक्त कड उजळते.

"शेंबूड म्हण," काका म्हणाले. "आणि तो जुना झाला की?"

त्यांना उत्तर माहीत होतं. शेंबूड आटत गेला की त्यातलं पाणी कमी होतं, प्रथिनं वाढतात आणि एमआरआयमधला त्याचा रंग बदलत जातो. शेवटी तो इतका घट्ट होतो की काळा दिसतो. हवेसारखाच. बुरशीचंही तेच.

"एमआरआयमध्ये सायनस रिकामा आणि उघडल्यावर आत खच्चून भरलेला गाळ. हे यंत्र कोटी-कोटींचं!"

"म्हणूनच नुसत्या एमआरआयवर मी बोलत नाही. सीटीत तोच गाळ पांढरा दिसतो, त्यात चुन्याचे कण दिसतात. एकाने फसवलं की दुसऱ्याने पकडायचं."

"2021च्या उन्हाळ्यात म्युकरच्या बुरशीचे एमआरआय बघताना तुम्ही सगळे 'काळं टर्बिनेट, काळं टर्बिनेट' करत होतात."

"कॉन्ट्रास्ट देऊनही नाकातली जी हाडाची घडी उजळत नाही ती मेलेली, असा त्याचा अर्थ होता. पण निरोगी माणसाचं टर्बिनेटही कधीकधी उजळत नाही, हेही त्याच उन्हाळ्यात सांगून सांगून घसा बसला होता. ते जाऊ दे काका, ती गाठ नव्हे. मी तुम्हाला एक केस देते. पंधरा वर्षांचा मुलगा. एका बाजूचं नाक बंद, घोळणा पुन्हा पुन्हा फुटतो. दुर्बिणीतून मागे लालसर, गुळगुळीत काहीतरी दिसतंय. तुकडा काढणार?"

काका हसले. "मी वेडा आहे का?"

"का नाही काढणार? नाव तर पॅथॉलॉजिस्ट देतो ना?"

इथे ते जरा वेळ गप्प राहिले. या वादात माझी बाजू सगळ्यात भक्कम होती ती इथे. ही गाठ म्हणजे अँजिओफायब्रोमा, जवळजवळ फक्त वयात येणाऱ्या मुलांमध्ये होणारी. ती नाकाच्या मागच्या भागात, एका छोट्या छिद्राशी सुरू होते आणि मघाच्या त्या चरबीच्या फटीत शिरते. फट रुंदावते आणि तिच्या पुढची भिंत, म्हणजे गालातल्या सायनसची मागची भिंत, पुढे झुकते. 1965 साली होल्मन आणि मिलर यांनी हे चिन्ह साध्या एक्स-रेवर टिपलं आणि आजही ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. सीटीत तर ते शिकाऊ डॉक्टरलाही दिसतं. एमआरआयमध्ये त्या गाठीच्या आत काळे ठिपके आणि रेषा असतात. त्या रक्तवाहिन्या. त्यांतून रक्त इतक्या वेगाने वाहतं की यंत्राला त्याचा सिग्नल पकडता येत नाही. या गाठीतल्या बऱ्याच रक्तवाहिन्यांच्या भिंतीत स्नायूचा थर धड नसतो. नेहमीची रक्तवाहिनी कापली की आकसते आणि रक्त थांबायला मदत होते. या आकसत नाहीत. ओपीडीच्या खुर्चीत बसवून तुकडा काढायला गेलं तर नाकातून धार लागते.

"म्हणून ऑपरेशनच्या एक-दोन दिवस आधी आमच्यातलाच कोणीतरी मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून तार वर नेऊन त्या गाठीचा रक्तपुरवठा बंद करतो," मी म्हणाले. "गाठीचं नाव, तिचा रक्तपुरवठा, ती कवटीत किती शिरलीय, ऑपरेशनची वाट, सगळं चित्रावर ठरतं. पॅथॉलॉजिस्टला तिचं दर्शन होतं ते ती बाहेर आल्यावर."

"एक विचारू? तेच चिन्ह पस्तीस वर्षांच्या बाईत दिसलं. भिंत पुढे झुकलेली, फट रुंद. काय लिहिशील?"

"मज्जातंतूचा श्वानोमा असू शकेल, आणखी काही असू शकेल. अँजिओफायब्रोमा नाही लिहिणार."

"म्हणजे भिंत तीच, फट तीच, आणि नाव वेगळं. गाठीला नाव तू चित्रावरून दिलं नाहीस, फॉर्मवरच्या 'वय' आणि 'लिंग' या दोन चौकोनांवरून दिलंस."

हा वार मी अपेक्षिला नव्हता. पण तो अर्धाच खरा आहे. भिंत झुकण्याचा अर्थ एवढाच, की इथे काहीतरी सावकाश, पुष्कळ दिवस वाढतंय. त्या काळ्या रेषा, ते विशिष्ट छिद्र आणि ते वय एकत्र आलं की नाव पक्कं होतं. पॅथॉलॉजिस्टही तुकड्यासोबत आलेल्या कागदावर वय आणि जागा वाचल्याशिवाय मत देत नाही. त्यांना कोणी 'फॉर्म वाचणारे' म्हणत नाही, ती पाळी आमच्यावरच का यावी? तसं मी काकांना म्हणालेही. त्यांनी ते ऐकलं आणि ताटातली कोशिंबीर संपवली. त्यांच्या भाषेत ही अर्धी शरणागती.

"लहान मुलाच्या बाबतीत मात्र मी शंभर टक्के तुझ्या बाजूचा," ते आपणहून म्हणाले. "बाळाच्या नाकात वरून लोंबणारी मऊ गाठ. पॉलिप समजून कोणी चिमटा लावतो आणि तो असतो मेंदूचा फुगा, कवटीच्या तळाच्या भोकातून खाली उतरलेला. पाणी गळायला लागतं, मेंदूज्वर होतो. लहान मुलाच्या नाकातली गाठ चित्राशिवाय हात लावायची नाही. बास."

यापुढे वाद जरा खेळीमेळीचा झाला, कारण काकांनी त्यांची आवडती तक्रार काढली. ऑस्टिओमा. सायनसमधली सगळ्यात जास्त आढळणारी साधी गाठ ती हीच. हाडाचाच गोळा, बहुतेक वेळा कपाळातल्या सायनसमध्ये. कुठल्याही कारणासाठी काढलेल्या सायनसच्या शंभर सीटींमध्ये दोन-तीनांत तो सापडू शकतो. सीटीत इतका पांढरा आणि इतका रेखीव, की त्याला ओळखायला रेडिऑलॉजिस्ट लागत नाही.

"माणूस डोकं दुखतं म्हणून सीटी काढतो. डोकं दुखतं चष्म्याच्या नंबरामुळे. पण रिपोर्टात तुम्ही लिहिता, 'ट्यूमर'. घर रात्रभर जागं. सकाळी सहा माणसं माझ्या ओपीडीत."

"मग काय लिहायचं? दिसलेलं लिहायचं नाही?"

"लिही. पण सहा मिलिमीटरचा ऑस्टिओमा, सायनसच्या वाटेपासून दूर, काही करायची गरज नाही, असं पूर्ण लिही. अर्धं लिहून बाकीचं माझ्यावर सोडू नकोस."

इथे ते बरोबर आहेत आणि हे मी आमच्या पेशातल्या लोकांसाठी मुद्दाम लिहिते आहे. ऑस्टिओमाच्या बाबतीत नाव सोपं असतं. कामाची माहिती असते ती त्याच्या जागेची. सायनसची निचऱ्याची वाट अडली आहे का? अडली असेल तर मागे स्राव साचून सायनस फुगतो आणि डोळ्याला खाली ढकलू शकतो. मागच्या भिंतीतून गोळा मेंदूकडे झुकलाय का? क्वचित अशा गोळ्यामुळे मेंदूच्या आवरणाला भोक पडून कवटीत हवा शिरते. एमआरआयमध्ये मात्र हाच गोळा काळा दिसतो आणि सायनसमधली हवाही काळी, त्यामुळे तो चक्क निसटतो.

"आणि एक," मी म्हणाले. "एक ऑस्टिओमा असला तर विसरून जावं. चार-पाच दिसले, त्यातला एखादा जबड्यात, पेशंट तरुण, तर मी सर्जनला फोन करते. गार्डनर सिंड्रोम. त्यात मोठ्या आतड्यात शेकडो पॉलिप होतात आणि उपचार केला नाही तर त्यांचा कॅन्सर होणं जवळपास ठरलेलं. हाडाचे गोळे काही वेळा आतड्याच्या तक्रारीच्या आधी दिसतात."

"नाकाच्या सीटीवरून आतड्याची दुर्बीण?"

"हो."

"बघ, हे मला आवडलं," काका म्हणाले. "हे तू रिपोर्टाच्या तळाला लिहीत जा, त्या कोरिलेशनच्या जागी."

फायब्रस डिसप्लेझियावर आमचं एकमत पटकन झालं. ही खरं तर गाठ नव्हेच, हाडाची घडण बिघडलेली असते. सीटीत घासलेल्या काचेसारखं एकसारखं धूसर हाड दिसलं की काम संपलं. एमआरआयमध्ये मात्र तेच हाड इतकं भेसूर दिसतं की कॅन्सरच वाटावा. ज्याच्या हातात आधी एमआरआय पडतो त्याची झोप उडते, ज्याच्या हातात सीटी पडतो तो चहा मागवतो. तुकडा बहुधा लागत नाही.

खरा वाद पेटला तो इन्व्हर्टेड पॅपिलोमावर आणि तो अजून मिटलेला नाही.

नाकाच्या अस्तराला श्नायडरचं नाव आहे. सतराव्या शतकात विटेनबर्गला शरीरशास्त्र शिकवणाऱ्या या माणसाने सर्दीचं पाणी मेंदूतून गळतं ही प्राचीन समजूत खोडून काढली आणि ते नाकाच्या अस्तरातूनच येतं हे दाखवलं. त्याच अस्तरापासून ही गाठ होते, बहुधा नाकाच्या बाहेरच्या भिंतीवर, पन्नाशी-साठीच्या पुरुषांत जास्त. 1938 साली रिंगर्ट्झ यांनी तिचं खास लक्षण सांगितलं. ती बाहेर फुलण्याऐवजी आतल्या बाजूला वाढते, हातमोज्याची बोटं आत ढकलावीत तशी. ती साधी गाठ आहे, पण साध्या गाठीचे नियम पाळत नाही. मुळापासून काढली नाही तर परत येते, हाड पातळ करते, आणि साधारण दहातल्या एका पेशंटमध्ये तिच्यासोबत किंवा पुढे कधीतरी तिच्या जागी कॅन्सर सापडतो.

एमआरआयमध्ये तिचं चिन्ह देखणं असतं. काळ्या-पांढऱ्या नागमोडी पट्ट्या शेजारी शेजारी, मेंदूच्या वळ्यांसारख्या. अस्तराचे थर आणि त्यांच्या मधला मऊ गाभा वेगवेगळे उजळतात म्हणून त्या पट्ट्या. आमच्या पुस्तकांत या चिन्हाला मानाचं पान आहे.

"पुस्तकांत असेल," काका म्हणाले. "2008 साली कोरियन डॉक्टरांनी छापलेला अभ्यास मीही वाचलाय. तीस इन्व्हर्टेड पॅपिलोमा, तिसांतही पट्ट्या. तुम्ही लोक एवढाच भाग सांगता. त्याच अभ्यासात 128 कॅन्सर होते आणि त्यांतल्या 17 मध्येही पट्ट्या होत्या. म्हणजे पट्ट्या दिसलेले 47 पेशंट आणि त्यांतले 17 कॅन्सरचे. अशा चिन्हावर मी पेशंटला 'साधी गाठ' म्हणून सांगू?"

त्यांनी आकडे पाठ केले होते, बहुधा माझ्यासाठीच.

"त्या अभ्यासात कॅन्सर चौपट घेतले होते, काका. पट्ट्या दिसल्यावर कॅन्सर निघण्याचं प्रमाण त्या भरतीवर अवलंबून आहे. तुमच्या ओपीडीत ते प्रमाण तेच राहणार नाही. आणि दुसरी बाजू बघा. पट्ट्या नसलेला एकही इन्व्हर्टेड पॅपिलोमा त्यांना मिळाला नाही. पट्ट्या नाहीत, तर हे नाव बाजूला ठेवा, एवढं तरी ते चिन्ह ठामपणे सांगतं."

"तीसच पेशंटांवर ठाम?"

"तिसांवर मी पैज लावणार नाही. पण पट्ट्यांचा खरा उपयोग नाव द्यायला नाहीच. त्या जिथे तुटतात तिथे आहे."

हा माझा मुख्य मुद्दा होता आणि काकांना तो नवा नव्हता, पण कधी मान्यही नव्हता. अख्ख्या गाठीत नागमोडी पट्ट्या आणि एका कोपऱ्यात त्या पुसल्या गेलेल्या, तिथे सपाट करडा भाग, तिथलंच हाड खाल्लेलं. हा कोपरा म्हणजे कॅन्सर असण्याची शंका. दुर्बिणीतून बायोप्सी करताना तुकडा येतो तो समोर दिसणाऱ्या भागाचा, म्हणजे नाकात लोंबणाऱ्या टोकाचा. शंकेचा कोपरा असतो मागे, सायनसच्या आत. पॅथॉलॉजिस्ट लिहितो 'इन्व्हर्टेड पॅपिलोमा, कॅन्सर नाही' आणि त्याच्यासमोरच्या तुकड्यापुरतं ते शंभर टक्के खरं असतं.

"बायोप्सी साधी आली आणि तुमच्या पट्ट्या एका कोपऱ्यात पुसलेल्या आल्या, तर तुझं म्हणणं काय, पेशंटला सांगायचं की कॅन्सर आहे?"

"नाही. सांगायचं की तुकडा पुन्हा काढायचाय, या कोपऱ्यातून."

"म्हणजे एक भूल जास्त, एक आठवडा जास्त, घरच्यांची धाकधूक जास्त. आणि कोपरा साधा निघाला तर? सूज असली, आधीच्या बायोप्सीचं रक्त साकळलेलं असलं, तरी पट्ट्या पुसतात."

"म्हणूनच म्हणते, चित्र आधी आणि बायोप्सी नंतर. तुम्ही आधी चिमटा लावता आणि मग माझ्याकडे पाठवता. त्या रक्ताचा आणि सुजेचा गोंधळ तुम्हीच करता आणि बोल मात्र एमआरआयला."

काकांना हे झोंबलं. पण त्यांनी दुसरा मार्ग पुढे केला, आणि तो वाईट नाही. ऑपरेशनच्या टेबलावर, गाठ काढताना त्या कोपऱ्यातला तुकडा लगेच गोठवून पॅथॉलॉजिस्टला द्यायचा आणि वीस-पंचवीस मिनिटांत येणाऱ्या मतावर पुढे किती कापायचं ते ठरवायचं. मला ते अपुरं वाटतं. कॅन्सर निघाला तर पेशंटला जी मोठी शस्त्रक्रिया लागेल, तिची परवानगी आणि तयारी आधी नको का? काका म्हणतात, दोन्ही शक्यतांची परवानगी आधीच घ्यायची, यात अवघड काय? अवघड हे, की दोन्ही शक्यता समजावायला ओपीडीत वेळ नसतो. इथे आमचं जमलं नाही आणि जमेल असं वाटतही नाही.

जमलं ते मुळाच्या बाबतीत. इन्व्हर्टेड पॅपिलोमा दिसायला कितीही मोठा असो, तो बऱ्याचदा एका छोट्या जागीच हाडाला चिकटलेला असतो. बाकीचा नुसता सायनसभर पसरलेला असतो. ती जागा खरवडून, ड्रिलने घासून साफ केली तर गाठ परत येण्याची शक्यता पुष्कळ कमी होते. ती राहिली तर बाकीचं सगळं काढून उपयोग नाही. आणि त्या जागी हाड अनेकदा जाड झालेलं असतं, भिंतीवर सपाट थर किंवा टोकदार शंकू. सीटीत हे दिसतं.

"प्रत्येकात नाही दिसत," काका म्हणाले.

"नाही. पण दिसलं तर बहुधा तेच मूळ असतं. जुन्या सुजेनेही हाड जाड होतं, पण ते सगळीकडून. एकाच ठिकाणी उंचवटा आला की मी बाण काढते. शिवाय एमआरआयमधल्या पट्ट्या एखाद्या बिंदूकडे गोळा होताना दिसल्या आणि सीटीतला उंचवटा तिथेच असला, तर बाण जाड काढते."

"तो बाण मला हवा असतो," काका म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात कुरबूर नव्हती. "मूळ नाकाच्या बाजूच्या भिंतीवर असेल तर मी नाकातूनच जातो, पेशंट अर्ध्या दिवसात घरी. गालातल्या सायनसच्या पुढच्या भिंतीवर किंवा तळाशी असेल तर वाकडी हत्यारं, मोठी वाट. कपाळात, अगदी बाहेरच्या टोकाला असेल, तर कदाचित बाहेरून चिरा. क्राऊज यांनी 2000 साली या गाठीच्या पायऱ्या लावल्या त्या गाठ कुठवर गेलीय यावर. मूळ कुठेय हे त्यात नाही. मला दोन्ही पाहिजे. पण तुमच्या रिपोर्टात काय असतं? 'डाव्या मॅक्सिलरी सायनसमध्ये सॉफ्ट टिश्यू, निओप्लाझमची शक्यता नाकारता येत नाही.' अरे, नाकारता येत नाही म्हणजे काय? मी नाक उघडायचं की नाही?"

"आमच्याकडे फॉर्मवर काय लिहून येतं ते सांगू? 'पीएनएस सीटी. सर्दी.' वय खाडाखोड केलेलं. आधी ऑपरेशन झालंय का, एकच बाजू आहे का, रक्त येतं का, काही नाही. अर्धा प्रश्न विचारलात तर अर्धंच उत्तर मिळणार."

काकूंनी इथे ताटं उचलली, त्यामुळे आम्ही ओसरीवर गेलो. विषय तोच राहिला.

"ऑपरेशननंतरचं बोल," काका म्हणाले. "मी दर काही महिन्यांनी दुर्बीण घालून बघतो. तू म्हणशील, एमआरआय करा."

"सगळ्यांना नाही. गाठ नाकाच्या बाजूच्या भिंतीवर होती आणि तुम्ही सगळं उघडं करून ठेवलंय, तर दुर्बिणीला माझ्यापेक्षा बरं दिसतं. ताज्या जखमेवर एमआरआय केला तर सूज, खपली आणि व्रण यांनीच पान भरतं. पण मूळ कपाळातल्या सायनसच्या कोपऱ्यात असेल, किंवा वाट व्रणाने बंद झाली असेल, तर दुर्बिणीला तिथे काय दिसणार? तिथे एमआरआय हवा."

"आणि किती वर्षं?"

"परत येणाऱ्या बऱ्याच गाठी पहिल्या दोन-तीन वर्षांत येतात. पण उशिराही येतात, फार उशिरा. म्हणून थांबू नये."

"पेशंट थांबतो. नाक मोकळं झालं की दुसऱ्या वर्षी येतच नाही. पाच वर्षांनी येतो, पुन्हा नाक बंद म्हणून, आणि हातात काही नाही. फिल्म माळ्यावर गेलेल्या, रिपोर्ट हरवलेला."

"तेव्हा मला सगळ्यात जास्त काय लागतं माहितीय? ऑपरेशनच्या आधीचा सीटी. गाठ परत येते ती बहुतेक वेळा जुन्या मुळापाशीच. तो जुना उंचवटा कुठे होता हे दिसलं की नव्या चित्रात कुठे बघायचं ते कळतं."

"मग डिस्चार्जच्या कार्डावर लिहून ठेवायला पाहिजे. मूळ कुठे होतं ते, आणि सीटी जपून ठेवा म्हणून."

"फिल्म नको. सगळ्या चित्रांतली निवडकच तिच्यावर असतात आणि उंचवटा नेमका बाकीच्यांत असतो. सीडी द्या, नाहीतर पेनड्राइव्ह."

"आमच्या पेशंटच्या घरी कॉम्प्युटर नसतो."

"पेशंटला बघायचीच नाहीये, काका. त्याने ती फक्त घेऊन यायचीय."